मराठी मातीचा स्वाभिमान पडद्यावर नेणारे भालजी

रावेर, (प्रतिनिधी) :
अमेरिकेत जॉन वेन या नटाचे नाव घेतले की घोड्यावरचा उंचापुरा वीर, राष्ट्राभिमान आणि परंपरानिष्ठ विचार या तिन्ही गोष्टी एकदमच डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मराठी चित्रपटसृष्टीत असे स्थान शोधायचे झाले तर ते एखाद्या नटाकडे नव्हे, तर नट घडविणाऱ्या एका दिग्दर्शकाकडे जाते. कोल्हापूरचे भालचंद्र गोपाळ ऊर्फ भालजी पेंढारकर हे ते नाव. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले, त्याला आता तीन दशके उलटून गेली आहेत. तरीही घोडदौड, भगवा झेंडा आणि मावळ्यांची ललकारी पडद्यावर दिसली की जुन्या पिढीतील प्रेक्षकाला प्रथम आठवतात ते भालजीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत कोल्हापुरात जन्मलेल्या भालजींचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. तरुण वयात पुण्यात ‘केसरी’त काम करताना टिळकांच्या विचारांचा जो संस्कार झाला, तो आयुष्यभर टिकला. इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने चित्रपटाचा पाया घातला होता. बंधू बाबूराव पेंढारकर त्याच वातावरणात वाढले, तर व्ही. शांताराम हे नात्यातलेच. भालजीही या व्यवसायात आले. परंतु करमणूक हे साधन आणि देशकार्य हे साध्य, अशीच त्यांची धारणा राहिली.

मूकपटांच्या काळातच त्याचा प्रत्यय आला. ‘वंदे मातरम् आश्रम’ या चित्रपटात त्यांनी इंग्रजी राजवटीच्या शिक्षणपद्धतीवर टीका केली आणि सरकारी सेन्सॉरची कात्री ओढवून घेतली. बोलपटांचे युग येताच १९३२ मधील ‘श्यामसुंदर’ने मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा करून त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. पौराणिक विषयात हातखंडा असूनही त्यांची खरी ओढ शिवकाळाकडे होती.

शिवकाळ आणि स्वातंत्र्याची आकांक्षा

१९३६ च्या डिसेंबरमध्ये रावेरजवळच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. स्वातंत्र्याची भाषा शहरातून गावात उतरत होती, असा तो काळ. पुढे तीनच वर्षांनी, १९३९ मध्ये, भालजींचा ‘नेताजी पालकर’ आला. त्यापाठोपाठ ‘थोरातांची कमळा’ (१९४१) आणि ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) हे चित्रपट आले. परकीय सत्तेविरुद्ध उघड बोलण्याची सोय नसताना मोगल आणि आदिलशहा यांच्याशी झुंजणारे मावळे दाखवले, की प्रेक्षकाला सांगायचे ते बरोबर कळत असे.

भालजींचा इतिहास हा संशोधकाचा इतिहास नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. ‘थोरातांची कमळा’ हा चित्रपट संभाजीराजांविषयीच्या ज्या दंतकथेवर आधारलेला होता, ती पुढे संशोधकांनी अमान्य केली. भालजींना हवी होती ती प्रेरणा, आणि ती त्यांनी भरभरून दिली.

१९४८ चा वणवा

चाळीसच्या दशकात त्यांनी कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओ उभा केला. पृथ्वीराज कपूर यांनी ‘महारथी कर्ण’मध्ये (१९४४) त्यांच्याकडे काम केले. ‘वाल्मीकी’त (१९४६) पृथ्वीराज यांच्याबरोबर तरुण राज कपूर नारदाच्या भूमिकेत होते. सारे सुरळीत चाललेले असतानाच ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओही भस्मसात झाला. आयुष्यभर देशभक्तीचे चित्रपट काढणाऱ्या माणसाची मिळकत आपल्याच माणसांच्या संतापात जळावी, यासारखा दैवदुर्विलास नाही. भालजींची हिंदुत्वाच्या विचारांशी जवळीक होती, हे खरे. पण त्या हत्येचा भार त्यांच्या स्टुडिओने उचलावा, याला न्याय म्हणता येणार नाही.

या आघाताने दुसरा कोणी कायमचा खचला असता. भालजींनी मात्र सूडाची भाषा न करता राखेतून पुन्हा काम सुरू केले. १९४९ मध्ये ‘मीठभाकर’ पडद्यावर आला, तर १९५२ मध्ये चंद्रकांत यांची प्रमुख भूमिका असलेला ‘छत्रपती शिवाजी’. कर्जाचा डोंगर मात्र हलला नाही आणि पुढे जयप्रभाची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली.

साधेपणाचे मोल

१९५६ मध्ये भालजींनी ‘पावनखिंड’ केला. मूठभर मावळ्यांनिशी खिंड रोखून धरणाऱ्या बाजीप्रभूंची ही गाथा. चार वर्षांनी जॉन वेन यांनी स्वतःचा पैसा ओतून, स्वतःच दिग्दर्शन करून ‘द अलामो’ काढला. त्यातही मूठभर माणसे प्रचंड सैन्यापुढे मरण पत्करतात. दोघांनाही एकमेकांची गंधवार्ता नसावी. तरीही स्वदेशासाठी देह ठेवण्यात जीवनाचे सार्थक आहे, ही दोघांची श्रद्धा एकच.

भालजींचा परंपरानिष्ठ पिंड त्यांच्या सामाजिक चित्रपटांत अधिक उठून दिसतो. ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) गावाकडचे कष्टाळू लोहार जोडपे शहराच्या मोहात सापडते आणि होरपळते. घाम गाळून मिळवलेली भाकरीच गोड, हे त्यामागचे सूत्र. कुस्तीच्या आखाड्यावरील ‘तांबडी माती’ने (१९६९) मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. याच चित्रपटातून दादा कोंडके पडद्यावर आले. सूर्यकांत, सुलोचना अशा कितीतरी कलावंतांना भालजींच्या शिस्तीत आकार मिळाला. स्टुडिओत सारे त्यांना ‘बाबा’ म्हणत, यातच सर्व काही आले.

१९९१ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने केंद्र सरकारने त्यांचा गौरव केला, तेव्हा भालजींनी वयाची नव्वदी ओलांडली होती. २०२२ मध्ये जयप्रभाच्या विक्रीचे वृत्त बाहेर येताच कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. ज्या वास्तूला एकेकाळी आग लागली, तीच वाचवण्यासाठी तेच गाव धावले. भालजींच्या निष्ठेला याहून मोठी पावती कोणती असणार?