सेनापति बापट

भोर-वेल्ह्याच्या मुलांस धरण म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. वेळवंडीवरील भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. पुढें पानशेत, वरसगांव, गुंजवणी, नीरा-देवघर येथेंही पाणी अडलें. अशाच पाण्याखालीं जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठीं वेल्ह्याशेजारच्या मुळशींत जो पुरुष उभा राहिला, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजीं नगर जिल्ह्यांतील पारनेर येथें झाला. घरीं गरिबी, पण बुद्धि तल्लख. डेक्कन कॉलेजांत शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकावयास गेले. तेथें ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्यामुळें शिष्यवृत्ति गेली. मग पॅरिसमध्यें एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या मिळवून ते स्वदेशीं परतले, आणि त्यांस अज्ञातवास पत्करावा लागला. हा मार्ग आम्हांस पटत नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. परंतु हाच मनुष्य पुढें पारनेरास हातीं झाडू घेऊन गांवचे रस्ते झाडी. मुलाच्या बारशाचें पहिलें जेवण त्यानें त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांस वाढलें. ब्राह्मणाच्या घरीं हें करण्यास किती धैर्य लागे, याची आज कल्पना यावयाची नाहीं.

मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें नीळा व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतलें. सुमारें ५० गांवें बुडणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे बांधकामाच्या जागीं जाऊन बसले. जमिनीचा मोबदला मिळणार होता खरा. पण पुष्कळ जमीन सावकारांच्या हातीं गेलेली. पैसा सावकाराच्या पेटींत जाणार, मग कसणाऱ्या कुळानें जावें कोठें? सावकार मोबदल्यास राजी झाले आणि लढा तेथेंच खचला. बापट मात्र हटले नाहींत. ते पुनःपुन्हा तुरुंगांत गेले. १९२४ सालीं त्यांनीं सोबत्यांसह धरणाच्या कामाची आगगाडी शस्त्रें घेऊन अडविली, आणि पळून न जातां अटक करवून घेतली. १९३१ सालीं ते सुटले, तेव्हां धरण उभें होतें. लोकांनीं त्यांस दिलेली सेनापति ही पदवी या हरलेल्या लढ्यांतलीच.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं पुण्यास त्यांनीं तिरंगा फडकविला. येथें दुसरा कोणी थांबला असता. पण गोवा अद्यापि पोर्तुगालच्या हातीं होता. पोर्तुगाल अमेरिकेच्या लष्करी गटांतील, म्हणून अमेरिकेनें त्याची भीड धरली. रशियानें भारताची बाजू घेतली. महासत्तांची ही ओढाताण चालली असतां, १८ मे १९५५ रोजीं नानासाहेब गोरे यांच्यासह बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दींत शिरले. वय ७४ वर्षांचें! गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं मुक्त झाला, तो सेनेच्या बळानें. पण तो दिवस पाहावयास बापट हयात होते.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजीं ते निवर्तले. पुण्यास व मुंबईस त्यांच्या नांवाचे मोठे रस्ते आहेत. मुळशीचें पाणी भिऱ्याच्या वीजगृहावर आजही पडत आहे.