दंतवैद्यांची कंबरदुखी आणि रामाझिनी यांचा एक प्रश्न

तुम्ही दंतवैद्य असाल, तर संध्याकाळी दवाखाना बंद करताना मान आखडणे, उजवा खांदा जड होणे, कंबर धरणे हे तुमच्या ओळखीचे असेल. अशा दुखण्यांचे कारण कामात असू शकते, हे ३०० वर्षांपूर्वी ठामपणे मांडणाऱ्या डॉक्टरची ओळख करून घेऊया.

बर्नार्दिनो रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये इटलीतील कार्पी गावी झाला. पार्मा येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १६५९ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे मोदेना येथे प्राध्यापक झाले. तेथे एकदा त्यांच्या घरी शौचकूप उपसणारा कामगार आला होता. तो इतकी घाई का करतो, असे त्यांनी विचारले. या कामाने डोळ्यांची आग होते आणि घरी जाऊन अंधारात पडून राहावे लागते, असे त्याने सांगितले. तेव्हापासून रामाझिनी कारखान्यांत जाऊन कामगारांना पाहू लागले. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता?

१७०० मध्ये त्यांचा कामगारांच्या आजारांवरील लॅटिन ग्रंथ निघाला. त्याच वर्षी ते पादुआ विद्यापीठात गेले. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत ५० हून अधिक व्यवसाय आहेत. त्यात त्यांच्या ओळखीचा एक लेखनिक आहे. सतत लिहून त्याचा उजवा हात थकू लागला, कोणताच उपाय चालला नाही आणि शेवटी हात निकामी झाला. मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला, पण काही काळाने तोही तसाच झाला.

हा लेखनिक लक्षात ठेवा. हात बदलला तरी कामाची पद्धत तीच राहिली. दुखऱ्या जागी मलम लावून तुम्ही पुन्हा तसेच वाकून बसलात, तर तुमचेही तेच होईल.

बैठे काम करणाऱ्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी व्यायाम करावा आणि उभ्याने काम करणाऱ्यांनी मध्ये बसावे किंवा चालावे, असा त्यांचा सल्ला होता. आज त्यात एवढी भर घाला:

• रुग्णाला पुरेसे आडवे करा. त्याचे तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला आणा.
• मान फार न वाकवता दिसेल असे पाहा. आरसा आणि योग्य कोनाचे लूप वापरा.
• कोपरे अंगाजवळ, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर सपाट ठेवा.
• हत्यार सैल पकडा. दोन रुग्णांमध्ये एक-दोन मिनिटे उभे राहून मागे वाका, खांदे फिरवा.
• हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर लवकर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कंबरदुखीबरोबर पायांत अशक्तपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर लगेच रुग्णालयात जा.

उतारवयात रामाझिनी यांची दृष्टी गेली, तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही. १७१४ मध्ये पादुआ येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा प्रश्न तुम्ही रुग्णांना विचारत असालच. आज तो स्वतःलाही विचारा.