मल्ल खाशाबा जाधव

कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावी १९२६ साली खाशाबांचा जन्म झाला. पहिलवान वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले गुरू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तांबड्या मातीतल्या या मल्लास गादीवरील कुस्ती नवखी ठरली. सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढील चार वर्षे त्यांनी अपयश उगाळीत न बसता आपल्या उणिवा भरून काढण्यात वेचली. प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९८४ साली अपघातात त्यांचे देहावसान झाले.

नर्मदाकाठच्या विद्यार्थिमित्रांनो, खंडानंतर मैदानात पाऊल टाकताना जुनी हार मनात दाटून येतेच. तिला भय न मानता गुरू मानावे, हेच या चरित्राचे सार.