सर्वज्ञांचा एकांतवास आणि विजनधर्म

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन विभाग आहेत. त्यांपैकी एकांकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणाचा काळ आलेला आहे. पुढे त्यांच्याभोवती भक्तांचा मेळा जमला, निरूपणे झाली, आचारधर्म सांगितला गेला. परंतु त्या सर्वांच्या अगोदर वन, डोंगर, नदीतीर आणि वृक्षतळ यांचा हा प्रदीर्घ काळ आहे. तो समजून घेतल्यावाचून विजनाची आज्ञा नीट उमजत नाही.

गुजरातेत भडोच येथे प्रधान विशाळदेव यांच्या घरी हरिपाळदेव या नावाने ते वाढले. घरी वैभव होते, पत्नी कमळाइसा होती, आणि द्यूताचे व्यसनही होते. द्यूतात हरल्यावर पत्नीने अलंकार देण्याचे नाकारले, आणि या प्रसंगाने संसारावरील उदासीनता दृढ झाली. रामयात्रेच्या निमित्ताने त्यांनी रामटेकच्या वाटेने प्रस्थान केले आणि बरोबरचा परिवार वाटेतच परत पाठविला. ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. त्यांच्या हातचा प्रसाद स्वीकारून राजपुत्राचे वस्त्रालंकार मागे पडले, आणि स्वामी एकटेच निघाले.

तेथून ते साळबर्डीच्या डोंगरावर आले. आज हे स्थान अमरावती व बैतुल या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. या पर्वतप्रदेशात त्यांनी बारा वर्षे एकांत सेविला, अशी परंपरा आहे. तपस्विनी मुक्ताबाईची भेटही येथलीच. प्रधानाच्या वाड्यात वाढलेल्या देहाला येथे ऊन, पाऊस आणि थंडी यांचे सान्निध्य होते. ना सेवक, ना निवारा, ना ओळख. जे मिळेल ते भक्षावे, जेथे सावली असेल तेथे बसावे, असा तो काळ होता.

याच वृत्तीचे दर्शन सशाच्या प्रसिद्ध लीळेत घडते. स्वामी वृक्षाखाली बसले असता पारध्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला ससा धावत आला आणि त्यांच्या जानूखाली शिरला. मागोमाग आलेल्या पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागताला सोडले नाही, आणि पारध्यांवर कोपही केला नाही. रानात राहून गवत व पाणी यांवर जगणाऱ्या निरुपद्रवी जीवाचा वध कशासाठी, हे त्यांनी शांतपणे समजाविले. पारध्यांचे मन पालटले. मग जानू उचलून त्यांनी सशाला मोकळे केले. वनातील शांतीची परीक्षा अशी होते. वृक्षाखाली बसलेल्याच्या ठायी भ्यालेल्या जीवाला अभय वाटले पाहिजे, आणि मारणाऱ्यालाही द्वेष जाणवता कामा नये.

इ. स. १२६७ च्या सुमारास पैठणास स्वामींच्या जीवनाचे दुसरे पर्व सुरू झाले. बाइसा, भटोबास, महदाइसा असे भक्त जवळ आले. तरीही स्वामींचा विहरणाचा क्रम सुटला नाही. गावाबाहेरची देवळे, मळे व आमराया येथे ते नित्य बिजें करीत. पुष्कळ निरूपणे अशाच ठिकाणी झाली.

येथे एक शंका उद्भवते. वनात मन शांत होते, तर वन हेच साध्य मानावे काय? स्वामींच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आहेत. डोंगर, नदी, वृक्ष हे प्रपंचातच मोडतात. त्यांच्या सहवासाने लाभलेली स्वस्थता सुखद खरी, परंतु ती मोक्ष नव्हे. म्हणून साधकाने अपरिचित प्रदेशात झाडाच्या आश्रयाने आयुष्य वेचावे, असे सांगताना त्यांनी विजनाला स्मरणाची जोड दिली. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण नसेल, तर झाडाखाली बसणे हा केवळ विसावा होतो. आणि स्थानाचा मोह जडू नये, म्हणून विजनाबरोबर अटन सांगितले.

या आज्ञेची कसोटी लवकरच लागली. परंपरेनुसार शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. सन्निधानाची सवय झालेल्या भक्तांना तो वियोग असह्य झाला. भटोबास ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. सेवेतून अवसर मिळाला की ते वाजेश्वरीत एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळा आठवीत. म्हाइंभटांनी ते पाहिले, कारण विचारले, आणि त्या लीळा लिहून ठेवण्याचा संकल्प केला. पुढे गावोगाव हिंडून, ज्याची आठवण त्याच्याच तोंडून ऐकून, इ. स. १२७८ च्या सुमारास त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले.

मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ अशा रीतीने एका विजनातून उद्भवला. भटोबास त्या एकांतात केवळ दुःख विसरण्यासाठी बसले असते, तर कालांतराने दुःखही विसरले असते आणि लीळाही. ते आठवण्यासाठी बसले, म्हणून साधुवर्गाला व वासनिकांना सर्वज्ञांचे चरित्र आज उपलब्ध आहे. विजनास निघताना साधकाने हाच विवेक बरोबर न्यावा.