ओट्यावरचे नाथ, ओट्याखालचे नाथ

फाल्गुनाचे ऊन तापू लागले की आमच्या गावावरून पैठणच्या वाटेला दिंड्या लागत. गाव अंबड तालुक्यातले, गोदाकाठाकडचे. तेव्हा जालना वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला, तोवर आम्ही औरंगाबादचेच. नाथषष्ठीला निघालेली एखादी दिंडी मुक्कामाला थांबली की रात्री मारुतीच्या पारासमोर भारूड व्हायचे. रंगमंच नाही, पडदा नाही. एक गॅसबत्ती, दहा-बारा टाळकरी, एक पखवाज, एक डफ आणि समोर चाळीस-पन्नास माणसे. आम्ही पोरे इतकी पुढे बसायचो की, विंचू चावलेली बाई कळवळून लोळू लागली म्हणजे तिच्या लुगड्याचा पदर आमच्या तोंडावरून जायचा. बाई म्हणजे मिशा पदराआड दडवलेला एक वारकरी. त्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा, धाप ऐकू यायची. मध्येच तो गावातल्या एखाद्या सावकाराचेच पाय धरून उतारा मागायचा, की सगळी बसलेली मंडळी हसून लोळायची. सावकारही हसायचा, न हसून सांगतो कुणाला!

पुढे कळत्या वयात एकनाथांचे चरित्र वाचले तेव्हा ग्रंथ, गुरू, चमत्कार सगळे आले. पण माझ्या मनात एक साधाच प्रश्न घोळत राहिला. हा एवढा संस्कृत जाणणारा पंडित ही सोंगे बघायला कुठे बसत असेल?

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमारास पैठणला झाला. घराणे भानुदासांचे, विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती ज्यांनी पंढरीला परत आणली असे वारकरी मानतात, ते भानुदास म्हणजे नाथांचे पणजोबा. आई-वडील, रुक्मिणी आणि सूर्यनारायण, तान्हेपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी सांभाळले. आजी-आजोबांजवळ वाढलेल्या मुलाला गोष्टींचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा नाद लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव. तो नाथांना लावण्याचा मोह होतो, इतकेच.

बारा वर्षांचे असताना ते घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, असे परंपरा सांगते. स्वामी निजामशाहीत किल्ल्यावर अधिकारी होते आणि दत्तभक्तही. शिष्याकडे हिशेबाचे काम आले. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिवा लावून बसलेला एकनाथ आणि चूक सापडताच आनंदाने टाळी पिटणारा एकनाथ, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचली आहे. तिचे तात्पर्य मास्तर एकाग्रतेचे सांगत. मला त्यात आणखी एक दिसते. त्या कचेरीत अर्ज यायचे, कौल निघायचे, ताकिदी जायच्या, जाबचिठ्ठ्या लिहिल्या जायच्या. हे सारे पुढे नाथांच्या भारुडांत जसेच्या तसे उतरले. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र ही त्यांच्या भारुडांचीच नावे आहेत. कारकुनीतले फारसी शब्द घेऊन ते परमार्थ सांगतात आणि ऐकणारा शेतकरी खुदकन हसतो, कारण तो अर्ज त्याने कालच कुणाकडून तरी लिहून घेतलेला असतो.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली, पैठणला परतले, वैजापूरच्या गिरिजाबाईंशी लग्न झाले. मग ग्रंथ आले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची सुमारे १८,८०० ओव्यांची टीका १५७३ मध्ये काशीत पुरी झाली. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. तीनशे वर्षांत शिरलेले पाठभेद निवडून काढायचे, हे कामच एखाद्याच्या आयुष्याला पुरावे असे. भावार्थ रामायण अपुरे राहिले, ते गावबाने पुरे केले. एवढा व्याप असलेल्या माणसाने सव्वाशेच्या आसपास विषयांवर भारुडे लिहायला वेळ कुठून काढला, देव जाणे.

आता त्या भारुडांतली माणसे बघा. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव. संबळ-तुणतुणे घेऊन दिवटीच्या उजेडात रात्र जागवणारा गोंधळी. पंचांग सांगणारा जोशी, झाडावर चढून दान मागणारा पांगुळ, जोगवा मागणारी, भुत्या, बाळसंतोष, कोल्हाटी, डोंबारी. हे कलावंत दारोदार फिरत. त्यांची कला म्हणजे एका अंगणाची कला: समोर एक घर, उंबऱ्यात बाई, तिच्या पदराला धरलेले मूल. वासुदेव बाईच्या माहेरची, सासरची नावे विचारून गाण्यात गुंफतो. ते दोनशे माणसांपुढे कसे जमायचे? नाथांनी हे अंगण नीट पाहिले होते. वासुदेव गिरकी कुठे घेतो, गोंधळी सवाल टाकून कुठे थांबतो, जोशी भविष्य सांगताना भीती आणि आशा किती किती घालतो, हे जवळ बसल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणून मला वाटते, नाथ आधी उत्तम प्रेक्षक होते.

पण जवळ बसणे म्हणजे सोळाव्या शतकातल्या पैठणात साधी गोष्ट नव्हती. दक्षिणेतली काशी म्हणवणारे ते क्षेत्र. कलावंत अंगणात, घरचे ओट्यावर, आणि मध्ये पायरी. काही कलावंतांना तर अंगणही नाही. त्यांनी वेशीजवळूनच वाजवायचे. नाथांच्या चरित्रातल्या गाजलेल्या गोष्टी सगळ्या ही पायरी उतरण्याच्या आहेत. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे महाराचे पोर उचलून कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले. त्यांच्या घरी जाऊन जेवले. यातली कुठली गोष्ट कशी घडली याचे दप्तर कुठे नाही. पण चार शतके लोकांनी नाथांच्या नावावर नेमक्या याच गोष्टी ठेवल्या, हेही काही कमी नाही. ‘प्रभात’ने १९३५ मध्ये शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली बालगंधर्वांना नाथ करून जो चित्रपट काढला, त्याचाही गाभा हाच. त्याचे नाव आधी ‘महात्मा’ होते. सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून ‘धर्मात्मा’ झाले.

नाथांनी महाराच्या तोंडून बोलणारी ‘जोहार’ नावाची भारुडे लिहिली. गावचा महार मालकाला जोहार घालून गावाची खबर देतो, आणि ते गाव म्हणजे माणसाचा देह निघतो. ज्याने वेशीबाहेर थांबायचे, तोच इथे सगळ्या गावाला शहाणपण शिकवतो. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने या भारुडांवर आवर्जून लिहिले आहे. आता, याने जात मोडली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लेखणी ब्राह्मणाचीच होती आणि भारूड संपल्यावर ज्याला त्याला आपापल्या जागी परत जायचे होते. तरी ते सोंग गावापुढे उभे राहिले, आणि खाली बसून ते ऐकावे लागले, ही गोष्ट उरतेच.

घरातूनही विरोध झाला. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कुणाकडेही जेवावे हे त्याला रुचेना. रुसून काशीला गेला. नाथ समजूत घालायला गेले तेव्हा त्याने अटी घातल्या आणि नाथांनी त्या पाळल्या, अशी कथा आहे. ओट्यावर मुलगा संस्कृतात पुराण सांगू लागला. रोज दाटीने बसणारी माणसे हळूहळू कमी झाली. शेवटी ओटा ओस पडला. पुढे मुलाचा गर्व उतरला, चमत्कारही घडला. पण मला ती कथा त्या ओस ओट्यापाशीच खरी वाटते. म्हाताऱ्या बापाने काही न बोलता ती रिकामी जागा बघितली असेल.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्याच तिथीला आजही यात्रा भरते. वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण झाले, त्या जलाशयालाही नाथसागर म्हणतात.

भारूड पुढे फार दूर गेले. शाहीर साबळ्यांच्या आवाजातला विंचू घराघरांत पोचला, मी तो शेकडो वेळा ऐकला आणि दर वेळी आवडला. अलीकडे जालन्यात एका मंगल कार्यालयात भारूड पाहिले. कर्णे मोठे, दिवे रंगीत, कलावंत गुणी. पण सोंग आणलेल्या माणसाचे डोळे शेवटच्या रांगेतून दिसेनात. तो उतारा मागत होता आणि लोक मोबाइलवर त्याला टिपत होते. पाय धरायला त्याच्या हाताशी कुणी नव्हते.

पारासमोरच्या त्या रात्रींची एक बाब मात्र सांगायची राहिली. भारूड संपले की आमच्या घरून चहा जाई. टाळकऱ्यांना, पखवाज्याला ओट्यावर बोलावून पितळी पेल्यांतून. डफ वाजवणारा पायरीखाली बसे. त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा असे, आणि आजी त्यात वरून चहा ओती. नाथ महाराच्या घरी जेवले ही गोष्ट मी तिच्याच मांडीवर ऐकली होती. सांगताना दर वर्षी तिच्या डोळ्यांत पाणी येई.

मी सहावीत असेन. त्या वर्षी चहा न्यायचे काम माझ्याकडे आले. मी डफवाल्यापुढे पेला ठेवला आणि तो कप पखवाज्याला दिला. पखवाजी हसला, प्याला. डफवाल्याने पेल्याला हात लावण्याआधी एकदा आजीकडे पाहिले. आजीने पाहिले होते. ती काही बोलली नाही. सकाळी दिंडी गेल्यावर बघितले, तर तो पेला राखेने दोनदा घासून उन्हात पालथा घातला होता. आणि कोनाड्यात तो कप नव्हता.