विश्लेषण : मोहीम फसली, पण मध्य आशियाचा इतिहास हाती लागला, कोण होता झांग चियान?

कनिष्काचे कुषाण घराणे मूळचे कुठले? याचे उत्तर भारतातील शिलालेखांपेक्षा चिनी दरबारी नोंदींत अधिक सापडते. त्या नोंदींची सुरुवात एका फसलेल्या मोहिमेतून झाली.

मोहीम कशासाठी?

हान सम्राट वू याला उत्तरेकडील भटक्या शिओंगनू टोळ्यांचा बंदोबस्त करायचा होता. शिओंगनूंनी युएची लोकांच्या राजाला मारून त्याच्या कवटीचा पेला केला, अशी माहिती कैद्यांकडून मिळाली होती. युएची सूड घ्यायला आपल्या बाजूने येतील, असा सम्राटाचा हिशेब होता. इ.स.पू. १३८ च्या सुमारास झांग चियान हा कनिष्ठ अधिकारी शंभराहून अधिक माणसे घेऊन निघाला. वाट शत्रूच्या मुलखातूनच होती. तो पकडला गेला.

दहा वर्षे तो अडकून पडला. तिथेच लग्न झाले, मूल झाले. दूताचे राजचिन्ह मात्र त्याने जपून ठेवले. अखेर संधी साधून तो निसटला आणि फरगानामार्गे अमू दर्याच्या उत्तरेला युएचींपर्यंत पोहोचला. पण सुपीक जमिनीत स्थिरावलेल्या युएचींना जुने वैर उकरायचे नव्हते. परतताना शिओंगनूंनी त्याला पुन्हा पकडले. इ.स.पू. १२६ मध्ये तो राजधानीत आला तेव्हा निघालेल्यांपैकी दोघेच उरले होते : तो आणि गान्फू हा शिओंगनू गुलाम. सोबत झांगची पत्नीही होती.

अहवालात काय होते?

फरगानाचे घोडे, द्राक्षांची दारू, राजाचा चेहरा असलेली पार्थियन नाणी. बॅक्ट्रियाच्या (आजचा उत्तर अफगाणिस्तान) बाजारात त्याला चक्क सिचुआनचे कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या. माल ‘शेनदू’हून येतो, असे व्यापाऱ्यांनी सांगितले. शेनदू म्हणजे सिंधू, अर्थात भारत. तिथे उकाडा असतो आणि लोक हत्तीवरून लढतात, ही ऐकीव माहितीही त्याने नोंदवली.

हा अहवाल सिमा चियान या इतिहासकाराच्या ‘शी-ची’ ग्रंथाच्या १२३ व्या प्रकरणात आहे. पुढच्या चिनी इतिहासग्रंथांत युएचींच्या पाच सरदारक्या येतात. त्यातली एक ‘ग्वेइश्वांग’, म्हणजेच कुषाण.

विश्वास किती ठेवायचा?

झांगने मोजकेच प्रदेश स्वतः पाहिले. बाकीची माहिती ऐकीव. नावे चिनी अक्षरांत बसवलेली, त्यांचे उच्चार दोन हजार वर्षांत पार बदललेले. शिवाय नजर लष्करी होती. कोणाकडे किती धनुर्धारी, हे आवर्जून दिले आहे. त्यांच्या घरात काय चालायचे, हे फारसे नाही. तरीही शिओंगनूंनी स्वतः लिहिलेला इतिहास उपलब्ध नसल्याने अभ्यासकांना याच नोंदींकडे यावे लागते.

पुढे झांगला ‘बोवांग’ची सरदारकी मिळाली. इ.स.पू. १२१ मध्ये रणांगणावर उशिरा पोहोचल्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला. पैसे भरून जीव वाचला, सरदारकी गेली. नंतर वूसुन लोकांकडे त्याला पुन्हा दूत म्हणून पाठवले गेले. तिथून परतल्यावर थोड्याच काळात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मागून गेलेले चिनी दूत परमुलखात स्वतःला ‘बोवांग’ म्हणवून घेत, कारण तिथे त्याच नावावर विश्वास होता.