युसूफ मेहेरअली

युसूफ मेहेरअली (२३ सप्टेंबर १९०३ – २ जुलै १९५०) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते व मुंबईचे महापौर होते. धर्माच्या आधारावर राजकीय संघटन करण्यास त्यांचा ठाम विरोध होता. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील तारा या गावी त्यांच्या नावाच्या संस्थेचे कार्य चालते.

प्रारंभिक जीवन

मेहेरअली यांचा जन्म मुंबईतील एका संपन्न मुस्लिम कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी मिळवल्यानंतर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु राजकीय कार्यामुळे त्यांना वकिली करण्याची परवानगी नाकारण्यात आली.

राजकीय कार्य

१९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईत आले, तेव्हा मेहेरअली यांनी युवकांची निदर्शने संघटित केली. सायमन परत जा आणि भारत छोडो या घोषणांचे श्रेय त्यांना दिले जाते. १९३४ मध्ये जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युतराव पटवर्धन आदींसह त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. जमातवादी संघटनांच्या सदस्यांना या पक्षात प्रवेश नव्हता.

१९४२ मध्ये ते मुंबईच्या महापौरपदी निवडून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आजारी सहबंद्यांना तीच सवलत मिळत नसल्याने त्यांनी रुग्णालयातील विशेष उपचार नाकारले. या कारावासाने खालावलेली त्यांची प्रकृती पुन्हा पूर्ववत झाली नाही.

जमातवादाला विरोध

मुस्लिम लीगने १९४० मध्ये लाहोर येथे स्वतंत्र मुस्लिम राज्यांची मागणी केली. समाजवाद्यांच्या मते हिंदू व मुस्लिम शेतकरी-कामगारांचे आर्थिक हितसंबंध समान होते आणि धार्मिक तेढ त्यांच्या ऐक्यास बाधक होती. मेहेरअली याच भूमिकेचे पुरस्कर्ते होते. फाळणीनंतरही ते मुंबईतच राहिले. १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा तेही त्यांच्यासोबत गेले. वयाच्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

१९६१ मध्ये डॉ. जी. जी. पारीख व इतर सहकाऱ्यांनी युसूफ मेहेरअली सेंटरची स्थापना केली. मुंबई–गोवा महामार्गावरील तारा येथे संस्थेने आरोग्यसेवा, शिक्षण व ग्रामोद्योगाचे काम उभे केले. सर्वधर्मीय ग्रामस्थांना एकत्र आणणारे हे विधायक कार्य मेहेरअली यांच्या विचारांशी सुसंगत मानले जाते.